दोन टिंबं वर

उंदराने माऊसची वायर खाल्ली, शुक्रवारी.
हसू नका, मोजणी खात्याच्या डिचोली कचेरीत
हा विनोद चार टेबलांवर फिरून शिळा झालाय.
नवा माऊस पणजीहून यायचा, म्हणजे चतुर्थीनंतर.
तोवर रोव्हिना फुर्तादो, वय चोवीस, कंत्राटी,
रोज हळदोण्याहून स्कूटरवर येणारी,
हिने एक काळी खिडकी उघडली नि म्हणाली,
"अंकल, हांगा बरयात."

काळ्यावर एक पांढरा चौकोन उघडमीट करत होता.
एकतीस वर्षं मी ट्रेसिंगच्या कापडावर शाईने बांध ओढले,
माझ्या हुकमाची इतकी वाट कुणी पाहिली नव्हती.

पहिला धडा, पीडब्ल्यूडी.
मला वाटलं, रस्ते खणणारं खातं.
ती म्हणे, न्हय, याचा अर्थ, हांव खंय आसां.
त्या खात्याने कधी हे स्वतःला विचारलं असतं
तर आमच्या दारातला खड्डा त्यांना सापडला असता.

मग एलएस. इथे काय काय आहे.
दोन अक्षरं मारली
आणि गावंच्या गावं भराभर खाली उतरली,
बुधवारच्या बाजाराला टेम्पोतून बायका उतरतात तशी.

मग सीडी, थोडी जागा, आणि नाव. आत जा.
मी डिचोली मारलं, इंग्रजी अक्षरांत, डी-वरून.
उत्तर आलं, असं काही अस्तित्वात नाही.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
बसस्टँड होता.
पुन्हा मारलं, एकेक अक्षर दाबून,
बहिऱ्याशी बोलावं तसं.
नाही.
रोव्हिनाने हात पुढे केला, बी, आय, नि टॅबचं बटण.
उरलेलं यंत्राने स्वतःच पुरं केलं,
बिचोलिम.
माझी बायकोही असंच माझं वाक्य पुरं करते,
तेही असंच भलतं निघतं.

आत बोर्डे. त्याच्या शेवटी एक म,
बोर्ड्यात कुणीच न उच्चारणारा,
पोर्तुगीज जाताना दाराशी विसरलेल्या छत्रीसारखा.
त्याच्या आत शीट नंबर एक्केचाळीस.
मीच काढलेली, पंचाण्णव साली.
काळ्या खिडकीत नकाशा दिसत नाही,
फक्त नाव, तारीख, आणि वजन.
त्या वजनात कुठेतरी एक ठिपका आहे,
एका फणसाचा,
ज्याच्या सावलीत आम्ही साखळी टाकून जेवायला बसायचो.
झाड दाखवायचा नियम नव्हता.
रोव्हिना सांगत होती, एक टिंब म्हणजे इथेच.
मी म्हटलं, ठाऊक आहे.

दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर.
शीटांतून वाड्यात, वाड्यातून तालुक्यात,
तालुक्यातून गोव्यात, गोव्यातून
कसल्याशा डेटात, आणि अखेर
एक तिरकी रेघ. बस्स.
तिथेही मी दोन टिंबं मारून पाहिली.
यंत्र कुरकुरलं नाही, हललंही नाही,
मामलेदाराकडे वर पाठवलेल्या अर्जासारखं.

घरी यायला मात्र एकच खूण पुरते, नागमोडी,
रोव्हिनाच्या आजोबांच्या दाखल्यावर
साँवच्या डोक्यावर बसलेली, तीच.
मारली. घर आलं.
घराचं नाव ऑपरेटर दोन.
एलएस केलं तर काहीच नाही,
नुसता चौकोन, उघडमीट.

ती जेवायला गेली तेव्हा एमकेडीआयआर मारलं
आणि पुढे डिचोली,
माझ्या स्पेलिंगने.
यंत्र गप्प.
काम झालं की ते बोलत नाही, हे एव्हाना कळलं होतं.
सीडी डिचोली.
गेलो.
मग पीडब्ल्यूडी मारून खात्री केली, दोनदा.

परत आल्यावर तिने पाहिलं.
"अंकल, हें रितें आसा. काडूं?"
ऑक्टोबरअखेर मी रिटायर.
माऊस येऊ दे, म्हटलं,
मग बघू.